बारावा फर्मा

शिडीमावशीला राग उशिरा यायचा, आणि आला की मुक्कामालाच यायचा. बाइंडिंगखान्यात तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या बायका नव्या बायकांना सांगत, मावशीशी भांडायचं तर खुशाल भांडा, पण तिला चारचौघांत गप्प बसवू नका. गप्प बसलेली मावशी डूख धरते. चौदा वर्षांपूर्वी एकाने ती चूक केली होती, आणि मावशी अजून त्याची वाट बघत होती.

शिडी हे तिचं नाव कामावरून पडलेलं. छापखान्यातून कागदाचे मोठे ताव येत. त्यांना घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा तयार होई. असे फर्मे लांब टेबलावर ओळीने मांडायचे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चालत जायचं, प्रत्येक थप्पीतला एकेक उचलायचा, की झालं एक पुस्तक. एकतीस वर्षं ती हेच करत होती, म्हणजे टेबलाच्या कडेकडेने ती किती मैल चालली असेल देव जाणे. आता प्रत्येक फर्म्याच्या घडीवर बाहेरून एक काळी खूण छापलेली असते, दर फर्म्याला एक पायरी खाली. पुस्तक नीट जुळलं असेल तर कण्यावर त्या खुणा जिन्यासारख्या उतरत जातात, तिलाच शिडी म्हणायचं, आणि एखादा फर्मा राहिला तर पायरी तुटते. मावशी शंभर पुस्तकांच्या थप्पीवरून नुसती नजर फिरवायची, मधलंच एक उपसून काढायची आणि म्हणायची, "यात सातवा नाही." उघडून बघावं तर सातवा नसायचाच.

पुस्तकात काय लिहिलंय याच्याशी मात्र तिला कर्तव्य नव्हतं. जुळवणारीने वाचायचं नसतं, वाचायला लागलं की हात चुकतो, असं ती म्हणायची. लाखभर पुस्तकं तिच्या हातांतून गेली असतील, पण कामावर असताना तिने त्यातली एक ओळही वाचली नव्हती. याचा तिला अभिमान होता, आणि पुढे जे झालं ते या अभिमानापायीच झालं.

आता चौदा वर्षांपूर्वीचं सांगतो. तेव्हा एका प्रकाशन संस्थेचा माणूस छपाई-बांधणीवर देखरेख करायला यायचा. पुस्तकं सरळ कापली जातात की नाही ते बघायला हातात कायम पोलादी मोजपट्टी, म्हणून बायकांनी त्याचं नावच मोजपट्टी ठेवलं. एकदा त्याच्या संस्थेची नवी पुस्तकं प्रकाशनाआधीच बाजारात विकायला आली. कुणीतरी आतून पळवली होती. मोजपट्टी तावातावाने आला आणि निघण्याच्या वेळी दारात मावशीची पिशवी मागितली. पिशवीत एक पुस्तक होतं, तिरकं कापलं गेलेलं, रद्दीतलं. वाया गेलेली प्रत घरी न्यायला मालकांची कधीच ना नसे. त्याही दिवशी त्यांनीच म्हटलं होतं, न्या लेकीला. पण मोजपट्टीने पिशवी टेबलावर उपडी केली, आणि मालक खिडकीबाहेर बघत राहिले.

डबा, कंगवा, चष्म्याचं घर, नवऱ्याच्या गोळ्यांची पाकिटं, एक फाटका रुमाल. अकरा माणसं बघत होती. मोजपट्टीने ते पुस्तक उचललं, म्हणाला, "सापडलं," आणि निघून गेला. कंगवा टेबलावरून खाली पडला होता. तो उचलायला कुणी वाकलं नाही. मावशीने एकेक वस्तू स्वतः पिशवीत भरली आणि चार महिने घरी बसली. चार महिन्यांत मालकांकडून तीन हजार पुस्तकं चुकीची जुळून बाहेर गेली, तेव्हा त्यांनी तिला परत बोलावलं. खरा चोर सापडला की नाही, कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे तर फाशी देऊन झाल्यावर सगळे चहा प्यायला गेले. त्या दिवसानंतर मालक एवढं शिकले की रद्दीतल्या प्रतीच्या पहिल्या पानावर सही करूनच ती द्यायची.

मोजपट्टीने पुढे नोकरी सोडली आणि तो लेखक झाला. मुलांसाठी रहस्यकथा लिहायला लागला. त्याची नायिका बारा वर्षांची, शाळेचा बूट शोधण्यापासून बँकेतला दरोडा पकडण्यापर्यंत सगळं करणारी. मुलं त्या पुस्तकांवर तुटून पडत. दैव असं खट्याळ की त्यात सगळ्यात पुढे मावशीची नात.

नात दहा वर्षांची होती. दिवसभर प्रश्न विचारायची म्हणून घरात तिला टिटवी म्हणत. छपाई सुरू होताना शाई नीट धरेपर्यंत काही ताव वाया जातात, आणि ते बाइंडिंगखान्यात गुंडाळायच्या कामाला येतात. त्यातले बरे ताव मावशी मालकांना विचारून घरी आणायची, घड्या घालून दोऱ्याने शिवायची, आणि टिटवीला कच्चं पुस्तक मिळायचं. जगात कुणी वाचायच्या आधी टिटवी ते वाचायची. कच्च्या पुस्तकात एखादा फर्मा नेमका नसायचा. मग चोर कोण ते टिटवीने ओळखायचं आणि खरं पुस्तक आलं की पडताळून बघायचं, असा आजी-नातीचा खेळ होता. पाचदा टिटवीने पैज लावली आणि पाचही वेळा जिंकली.

मोजपट्टीच्या नव्या पुस्तकाचे अकरा फर्मे मिळाले, बारावा मिळाला नाही. टिटवीने दोन दिवसांत ते संपवलं आणि तिसऱ्या दिवशी ती जेवताना आजीच्या हाताकडे बघत बसली. मावशीच्या डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच होतं, कापायच्या यंत्रात सापडलेलं.

"आजी, यातली चोर बाइंडिंगखान्यात असते," टिटवी म्हणाली. "तिचं नख अर्धं असतं. ती पिशवी छातीशी धरून चालते. मग तिची पिशवी टेबलावर उपडी करतात आणि पुस्तक सापडतं."

मावशीचा घास हातातच राहिला. टिटवीने आवाज बारीक केला आणि विचारलं, "तू घेतली होतीस का गं पुस्तकं?"

"नाही."

"पुस्तकातली बाईपण नाहीच म्हणते."

चौदा वर्षांत मावशीला पुष्कळ काही लागलं होतं, पण असं वर्मी काही बसलं नव्हतं. टिटवीला काही वाईट बोलायचं नव्हतं, ती पुरावे मांडत होती, तिला तेच शिकवलं होतं त्या पुस्तकांनी. पण त्यानंतर टिटवी आजीच्या पिशवीकडे बघायची. उघडायची नाही, फक्त बघायची. मावशीने ते एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा ठरवलं की या माणसाचं उट्टं काढायचं. मोजपट्टीने अकरा माणसांसमोर एकदा तिला चोर केलं ते केलं, आता तो तिला हजारो पोरांसमोर चोर करणार होता, वर छापून.

संधी चालत तिच्या टेबलावर आली. प्रकाशन समारंभासाठी पहिल्या तीनशे प्रती घाईने हाताने जुळवायच्या होत्या. त्याच आठवड्यात त्याच प्रकाशकाचं दुसरं पुस्तक टेबलावर होतं, काचेच्या टाकीत मासे कसे पाळावेत यावरचं, तेही तीनशे प्रती. आकार तोच, कागद तोच, फर्मे बारा. दोन्हीकडे शेवटच्या फर्म्याचा आकडा बारा, सुरुवातीचं पान एकशे सत्त्याहत्तर, आणि घडीवरची काळी खूण त्याच पायरीवर. टेबलावर थप्प्या आणून ठेवायचं काम नव्या लागलेल्या पोरीचं होतं. तिला सगळे नवीच म्हणत. नवीने थप्प्या बरोबर ठेवल्या आणि पाणी प्यायला गेली.

मावशीने दोन्ही शेवटच्या थप्प्या उचलल्या आणि एकमेकींच्या जागी ठेवल्या. दोन मिनिटांचं काम. रहस्यकथेचा बारावा फर्मा, सोळा पानं, तिच्या दोन्ही हातांत होता, अर्ध्या नखाच्या अंगठ्याखाली. तिने त्यावर नजरही टाकली नाही. काय असणार त्यात? हातकड्या. मग ती टेबलाच्या कडेने चालू लागली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा काम करताना गाणं गुणगुणली. कण्यावरचा जिना सहाशे प्रतींवर एकसारखा उतरत होता, कुठे एक पायरी तुटली नव्हती.

शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात समारंभ झाला. मालक म्हणाले, लेखकांनी मावशींना मुद्दाम बोलावलंय, नक्की आणा म्हणून दोनदा फोन केला. मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोराला पहिल्या रांगेत बसवून पोरांना दाखवायचंय वाटतं, असं ती मनात म्हणाली, आणि चांगले कपडे घालून टिटवीला घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. मोजपट्टी आता म्हातारा दिसत होता. त्याने मावशीकडे पाहून मान लववली, मावशीने लववली नाही.

तो म्हणाला की आज तो पुस्तकाचा शेवट स्वतः वाचून दाखवणार आहे, कारण हा शेवट त्याला फार वर्षांपूर्वी कुणाला तरी सांगायचा होता. पोरं सरसावून बसली. त्याने नवी कोरी प्रत उघडली.

"'चोर याच खोलीत आहे,' ती म्हणाली," त्याने वाचलं. "सगळ्यांच्या नजरा त्या बाईच्या पिशवीकडे वळल्या. 'आणि त्याला पकडायला मला एकच गोष्ट करावी लागली.'" त्याची नजर समोरच्या पानावर गेली. "'टाकीतलं एक तृतीयांश पाणी दर आठवड्याला बदलावं.'"

दीडशे पोरं एकदम हसली. कुणीतरी मागून विचारलं, चोर मासा आहे का. मोजपट्टीने पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं, दुसरी प्रत घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे मासे. त्याचे कान लाल झाले. त्याने मावशीकडे पाहिलं, तोंड उघडलं, हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग माफी मागून तो स्टेजवरून उतरला. मावशी खुर्चीत ताठ बसून होती. चौदा वर्षांनी तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

घरी जाताना टिटवी हसत नव्हती. ती विचार करत होती.

"आजी, त्यांचे मासे आपल्या पुस्तकात आले," ती म्हणाली. "म्हणजे आपला शेवट माशांच्या पुस्तकात असणार. एक आण ना."

मावशी म्हणाली, बघू. तिला तो शेवट घरात नको होता. पण टिटवी एकदा मागे लागली की लागली.

सोमवारी मालकांनी सगळ्यांना टेबलाजवळ उभं केलं. ते म्हणाले, मावशी शिडी बघून जुळवते आणि शिडी बरोबर होती, तिची यात काहीच चूक नाही. चूक थप्प्या ठेवणारीची. नवी रडायला लागली, म्हणाली, मी नीट ठेवल्या होत्या, देवाशपथ. मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मावशीच्या जिभेवर शब्द आला आणि तिने तो गिळला. आता बोलले तर मोजपट्टीला आयतं कोलीत मिळेल, असं तिने स्वतःला समजावलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी ती दिवसभर खाली मान घालून काम करत राहिली. नवी आपली पिशवी भरत होती. तिचा डबा हातातून निसटला आणि झाकण लांब गडगडत गेलं. सगळे बघत होते. मावशीही बघत होती.

निघताना तिने मालकांकडून माशांच्या पुस्तकाची एक वाया गेलेली प्रत सही करून घेतली. आता नातीला शेवट कळू दे, निदान एका बाजूने तरी हे संपू दे, असं तिला वाटलं.

टिटवी ती प्रत घेऊन खिडकीत बसली आणि मोठ्याने वाचू लागली. बाराव्या फर्म्याच्या पहिल्या पानावर बालगुप्तहेर मुलगी म्हणते की पिशवीतलं पुस्तक तिरकं कापलेलं आहे आणि विकायला चोरलेलं पुस्तक कुणी तिरकं घेत नाही. दुसऱ्या पानावर ती मालकांना विचारते, तुम्ही खिडकीबाहेर काय बघताय? सहाव्या पानावर चोर सापडतो. तो मोजपट्टी घेऊन हिंडणाऱ्या साहेबांचा सख्खा मेहुणा निघतो, आणि मेहुण्याला गोदामाची किल्ली साहेबांनीच दिलेली असते. अकराव्या पानावर सगळ्या कामगारांसमोर साहेब त्या बाईपुढे उभे राहतात आणि म्हणतात, मावशी, माझं चुकलं.

टिटवी थांबली. "आजी, त्या बाईने काहीच केलं नव्हतं." मग ती उठून आली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मी पैज हरले."

चौदा वर्षं ज्याची वाट बघितली ते आलं होतं, छापून, तीनशे प्रतींत, तिच्याच टेबलावर. तिने ते स्वतःच्या हाताने उचलून माशांच्या टाकीत बुडवलं होतं. ज्या तीनशे पुस्तकांत ती निर्दोष सुटायची होती त्यांत आता ती पिशवी छातीशी धरून कायमची चोर म्हणून उभी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण असं अवलक्षण कुणी सहाशे वेळा करत नाही. आणि तरी तिचा राग गेला नाही. उलट वाढला. माफी मागायला या माणसाला चौदा वर्षं लागली, आणि तीही एका खोट्या मुलीच्या तोंडून, कागदावर. परवा स्टेजवर कागद चुकला तर तोंडातून एक शब्द फुटला नाही.

मांडीवरून टिटवीचा आवाज आला. "पण मग फर्मे कुणी बदलले?"

"नवी म्हणतात सगळे. आज कामावरून काढलं तिला, पिशवी भरून गेली."

"तू काय म्हणतेस?"

मावशीने तिच्या केसांतून हात फिरवला. "मी बदलले."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

टिटवीने डोकं उचललं. मग तिने विचारलं, "आणि त्या नवीची पिशवी कोण भरणार?" पुरावे मांडायची तिची खोड काही जायची नव्हती.

मंगळवारी सकाळी मावशी वाट वाकडी करून नवीच्या घरी गेली आणि तिला हाताला धरून कामावर घेऊन आली. बाइंडिंगखान्यात मोजपट्टी आलेला होता. सहाशे प्रती टेबलावर परत आल्या होत्या, शेवटचे फर्मे फाडून पुन्हा चिकटवायचे होते. मालक त्याला चहा देत होते. मावशी सरळ टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"हिने काही केलं नाही. थप्प्या मी बदलल्या. चुकून नाही, जाणूनबुजून. साहेबांची फजिती व्हावी म्हणून. मला कामावरून काढायचं तर काढा."

मालक म्हणाले, मावशी, काहीतरीच काय बोलताय. मावशी म्हणाली, खिडकी तिकडे आहे, तुम्ही तिकडे बघा. मालकांनी मान खाली घातली. मोजपट्टी उठून उभा राहिला होता. त्याचा हात खिशाकडे गेला, तिथे घडी केलेले कागद होते, शेवट लिहिलेले असणार. मावशीने मान हलवली.

"कागद राहू दे. मी माझं तोंडाने सांगितलं. तुम्ही तुमचं सांगा."

मोजपट्टीने कागद खिशातच ठेवले. "तुम्ही काही घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्या मेहुण्याने घेतलं होतं. मला ते पंधराव्या दिवशी कळलं होतं."

पंधराव्या दिवशी. मावशी तेव्हा घरी होती, पुढचे साडेतीन महिने घरीच होती. सगळ्यांना वाटलं आता मावशी रडेल, नाहीतर म्हणेल जाऊ दे, झालं गेलं गंगेला मिळालं. मावशीने खांद्यावरची पिशवी काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर उपडी केली. डबा, कंगवा, चष्म्याचं घर, आता स्वतःच्याच गोळ्यांची पाकिटं, रुमाल, आणि टिटवीचं दोऱ्याने शिवलेलं कच्चं पुस्तक. कंगवा घरंगळत जाऊन जमिनीवर पडला.

"भरा," ती म्हणाली.

मोजपट्टीने पिशवी उघडी धरली आणि डबा आत ठेवला. मग चष्म्याचं घर, गोळ्या, रुमालाची घडी. कच्चं पुस्तक त्याने क्षणभर हातात धरलं, अकराच फर्मे आहेत हे त्याला कण्यावरून कळलं, आणि तेही आत ठेवलं. पिशवी त्याने मावशीकडे पुढे केली. मावशीने ती घेतली नाही. ती जमिनीकडे बघत होती. मग त्यालाही कंगवा दिसला. एक हात टेबलावर टेकवून, गुडघा धरून, तो हळूहळू खाली वाकला.